आधी कान, मग कोश

एका पितळी घंटेचा टोल फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ध्वनिसंपादनाच्या कोणत्याही साध्या ॲपमध्ये उघडा. पडद्यावर त्या आवाजाची आकृती दिसेल. डावीकडे एकदम उभा सुळका आणि उजवीकडे निमुळती होत गेलेली लांब शेपटी. आता सुळका कापून टाका. शेपटी जिथे बारीक होत जाते तिथे आवाजाची पातळी हळूहळू वाढवा, म्हणजे ती शेवटपर्यंत सारखी राहील. मग डोळे मिटून ऐका. घंटा नाहीशी झालेली असते. कानावर येतो तो जणू कोणी फुंकून वाजवलेला सूर.

फ्रेंच रेडिओचे अभियंते पिएर शेफेर यांनी हे १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओ केंद्रात केले. तेव्हा त्यांच्या हाताशी टेप नव्हती, तबकड्या होत्या. घंटेवर ठोका पडून गेल्यावर मगच मुद्रणाची पातळी वर चढवायची, अशी त्यांची युक्ती होती. उरलेला सूर त्यांना ओबोसारखा भासला. ओबो हे आपल्या सनईच्या कुळातले पाश्चात्त्य वाद्य. या प्रयोगाला त्यांनी नाव दिले ‘क्लोश कूपे’, म्हणजे कापलेली घंटा. वाद्याची ओळख आपल्याला बव्हंशी आवाजाच्या पहिल्या क्षणात पटते, हा मोठा शोध त्या दोन साध्या शब्दांत साठवला आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीतातले बरेचसे फ्रेंच शब्द असेच जन्मले आहेत. कोणी अभियंता यंत्रापुढे बसला, हाताने काहीतरी केले, कानाला काहीतरी वेगळे लागले आणि जवळचा, रोजच्या वापरातला शब्द त्याने उचलला. हे शब्द मराठीत आणायचे तर त्याच वाटेने उलटे जावे लागते. आधी हाताने काय केले ते समजून घ्यायचे, मग कानाला काय लागले ते पाहायचे आणि कोश सर्वांत शेवटी उघडायचा. कोशापासून सुरुवात केली की शब्द मिळतो आणि आवाज हरवतो. ही वाट कशी चालायची, ते काही शब्द हातात घेऊन पाहू.

बंद सरी

शेफेर यांचा दुसरा मूळ प्रयोग म्हणजे ‘सियों फेर्मे’. फेर्मे म्हणजे बंद. सियों हा शेतातला शब्द. नांगर फिरला की जमिनीत जी रेघ पडते, ज्याला आपण तास किंवा सरी म्हणतो, ती सियों. तबकडीवरच्या खाचेलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. ही खाच कडेपासून आत मध्यापर्यंत वळत जाते. तिचे एखादे वेटोळे स्वतःलाच येऊन मिळाले, तर सुई त्यातच अडकते आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर असा एक वेढा ०.७७ सेकंदाचा, पाऊण सेकंदाहून किंचित मोठा होतो.

‘बंद खाच’ हे भाषांतर चुकीचे नाही. पण ‘बंद सरी’ म्हटले की मूळ शब्दातले शेतही सोबत येते. आज संगणकावर हेच काम करणाऱ्या सोयीला फ्रेंच ‘बूक्ल’ म्हणतात, म्हणजे कडी किंवा बटेचा वेढा. आपण तिला लूप म्हणतो. ‘आवर्तन’ हा शब्द तिथे मोह घालतो, पण आवर्तनाला सम असते, मोजलेल्या मात्रा असतात. बंद सरीला सम नसते. ती ऐकता ऐकता कानच कुठेतरी सम धरतो. म्हणून लूपला लूपच राहू द्यावे आणि १९४८ च्या त्या जुन्या प्रयोगाला बंद सरी म्हणावे. दोन काळ, दोन यंत्रे, दोन शब्द.

गोंगाट नव्हे, आवाज

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला फ्रेंच रेडिओने शेफेर यांचे पाच छोटे ध्वनिलेख प्रसारित केले. त्यांतला एक पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात मुद्रित केलेल्या आगगाड्यांच्या आवाजांतून रचलेला होता. या पाचही रचनांचे सामाईक नाव ‘एत्युद द ब्र्युई’. एत्युद म्हणजे अभ्यास, रियाजासाठी रचलेली छोटी कृती. प्रश्न आहे तो ‘ब्र्युई’ या शब्दाचा.

कोशात ‘ब्र्युई’पुढे गोंगाट, गडबड असे अर्थ सापडतात. पण फ्रेंच माणूस पावलांच्या आवाजालाही ब्र्युई म्हणतो, पानांच्या सळसळीलाही म्हणतो आणि गावभर उठलेल्या वावडीलाही म्हणतो. जो आवाज सूर नाही तो ब्र्युई, इतकाच त्याचा अर्थ. त्यात तक्रार असेलच असे नाही. म्हणून या रचनांना ‘गोंगाटाचे अभ्यास’ म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. ‘आवाजांचे अभ्यास’ हे नाव बरोबर बसते.

तंत्राच्या भाषेत मात्र ब्र्युईचा आणखी एक नेमका अर्थ आहे. ‘ब्र्युई ब्लां’, पांढरा ब्र्युई, म्हणजे ज्यात सगळ्या कंपनसंख्या सारख्याच जोराने भरलेल्या आहेत असा आवाज. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात, त्यावरून हे नाव पडले. पत्र्यावर कोसळणाऱ्या जोरदार पावसाचा आवाज याच्या जवळ जातो. इथे मराठीत ‘रव’ चालतो. ‘नीरव’ आणि ‘कलरव’ या शब्दांतून तो आपल्या ओळखीचा आहे आणि त्याला बऱ्यावाईटाचा वास नाही. पांढरा रव, गुलाबी रव, सहज म्हणता येते.

ब्र्युईचाच नातलग ‘ब्र्युइताज’. नाटकासाठी किंवा चित्रपटासाठी हाताने आवाज निर्माण करण्याची कला म्हणजे ब्र्युइताज. शेफेर यांनी सुरुवातीला रेडिओच्या याच विभागात जाऊन करवंट्या, भोंगे, सायकलचे पंप असे साहित्य गोळा केले होते. त्या कलेला आपल्याकडे आकाशवाणीच्या श्रुतिकांनी ‘ध्वनिपरिणाम’ हा शब्द कधीच रुळवला आहे. पण ‘एफे’ ही वेगळी गोष्ट. आधीच असलेल्या आवाजावर यंत्राने केलेला बदल, जसे तो घुमवणे, फाडणे, गाळणे, हा एफे. इंग्रजीत या दोन्हींना इफेक्ट म्हणून भागते, म्हणून इंग्रजीतून भाषांतर केले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. पहिल्याला ध्वनिपरिणाम म्हणावे आणि दुसऱ्याला ध्वनिप्रक्रिया, म्हणजे घोटाळा टळतो.

एका सुराचे आयुष्य

सिंथेसायझरवर प्रत्येक सुराचे आयुष्य चार बटणांनी ठरते. फ्रेंचमध्ये त्यांची नावे आताक, श्युत, मँतियँ आणि रलाशमां. आताक म्हणजे शब्दशः हल्ला. संगीतात तो सुराचा पहिला क्षण. मराठीत ‘आघात’ हा शब्द वाद्यांच्या संदर्भात आधीच वापरात आहे, तो घ्यावा. हळुवार उगवणाऱ्या सुरालाही आघात म्हणायचे का, ही शंका रास्त आहे. पण शेफेर यांनीही आताकच्या प्रकारांत मऊ आणि शून्य असे प्रकार मोजले आहेत. म्हणजे ताण मूळ शब्दातच होता, तो आपल्याकडेही राहू द्यावा.

श्युत म्हणजे कोसळणे. सुळक्यावरून आवाज खाली येतो तो भाग. ‘उतार’ पुरेसा आहे. खरी अडचण मँतियँला येते. हा शब्द ‘टिकवून धरणे’ या अर्थाचा, म्हणून ‘टिकाव’. पण टिकाव म्हटले की किती वेळ टिकला असे मनात येते. या चार बटणांपैकी तीन वेळ मोजतात आणि मँतियँ एकटे पातळी मोजते. बोट पट्टीवर दाबलेले असेपर्यंत आवाज किती उंचीवर उभा राहील, एवढेच ते सांगते. म्हणून तिथे ‘टिकावाची पातळी’ असेच लिहावे. शिकणाऱ्याचा गोंधळ त्या एका जादा शब्दाने वाचतो.

शेवटचे रलाशमां. बोट उचलल्यावर सूर ज्या वेळात नाहीसा होतो तो काळ. शब्दशः सैल सोडणे. तार छेडून हात काढल्यावर जो नाद रेंगाळतो त्याला आपले वादक ‘आस’ म्हणतात. भारतीय कानाला इथे वेगळे काही शोधायलाच नको. आघात, उतार, टिकावाची पातळी, आस. हे चार शब्द एका दमात म्हणून पाहा, सुराचा जन्म आणि मृत्यू त्यांत ऐकू येतो.

रवाळ आणि दाणेदार

१९६६ मध्ये शेफेर यांचा मोठा ग्रंथ आला, ‘त्रेते दे-झॉब्जे म्युझिको’. आवाज कुठून आला हे बाजूला ठेवून, तो कसा आहे याचे वर्णन करणारी परिभाषा त्यांनी त्यात बांधली. क्रिस्टीन नॉर्थ आणि जॉन डॅक यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ५१ वर्षांनी. जगातल्या अनेक भाषांप्रमाणे आपल्याकडेही ही परिभाषा तुकड्यातुकड्यांनी आणि बहुधा इंग्रजीतून आली. म्हणूनच इथे थांबून, एकेक शब्द निरखून पाहणे आवश्यक आहे.

‘मास’ हा पहिला. पदार्थविज्ञानात वस्तुमान. शेफेर यांना वजन सांगायचे नाही. सुरांच्या पट्ट्यात आवाज किती जागा अडवतो, ते सांगायचे आहे. तानपुऱ्याचा षड्ज एका ठिकाणी स्थिर असतो. टाळांचा खणखणाट पसरलेला असतो, त्याला एक सूर सांगता येत नाही. सायरन सरकत राहतो. ही तीन उदाहरणे ऐकली की ‘वस्तुमान’ आपोआप गळून पडते आणि ‘व्याप’ पुढे येतो. स्थिर व्याप, पसरट व्याप, सरकता व्याप.

दुसरा शब्द ‘ग्रँ’, म्हणजे धान्याचा दाणा, लाकडाचा किंवा कातड्याचा पोत. आवाजाच्या पृष्ठभागावर जी बारीक खरखर असते ती ग्रँ. कोश सांगतो ‘कण’. पण आपल्या संगीतात कण ही जागा केव्हाच भरली आहे. एका सुरावर जाताना दुसऱ्या सुराला केलेला ओझरता स्पर्श म्हणजे कणस्वर. गाणाऱ्या माणसासमोर ‘या आवाजातला कण’ म्हटले तर तो भलतीच गोष्ट शोधू लागेल.

अशा वेळी संगीत सोडून स्वयंपाकघरात जावे. चांगल्या कढवलेल्या तुपाला आपण काय म्हणतो? रवाळ. जिभेला लागणारा तो बारीक, मऊ दाणेदारपणा म्हणजेच कानाला लागणारा ग्रँ. आवाजाचा रवाळपणा, किंवा नुसता ‘रवा’. तो जाड असतो, बारीक असतो. शेफेर यांनी त्याचे तीन प्रकार केले. पहिला घुमण्यातून येणारा, झांजेचा झगमगता रवा. दुसरा घासण्यातून येणारा, सारंगीवर गज फिरतो तेव्हाचा. तिसरा जलद ठोक्यांतून येणारा, हलगीवर काड्या झरझर पडतात तेव्हाचा. तानपुऱ्याची जवारी या दृष्टीने पुन्हा ऐकावी. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा केसभर पुढेमागे झाला की रवा बदलतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्पिढ्या कानाने हेच काम करत आले आहेत. शेफेर यांच्या कागदावरची संकल्पना त्यांच्या बोटांत होतीच.

इथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. ध्वनीचे काही हजारांश सेकंदांचे अगदी छोटे तुकडे करून, ते हजारोंनी पसरून नवा आवाज विणण्याची पद्धत आज सर्रास वापरतात. त्या प्रत्येक तुकड्यालाही फ्रेंचमध्ये ग्रँच म्हणतात. एक ग्रँ कानाला जाणवणारा गुण, दुसरा ग्रँ यंत्राने कापलेला तुकडा. मराठीला इथे दोन शब्द वापरायची सोय आहे. गुणाला रवा, तुकड्याला दाणा. ज्या तानेत प्रत्येक सूर मोत्यासारखा सुटा ऐकू येतो तिला आपण दाणेदार तान म्हणतोच. सुटेपणा सांगायचे काम ‘दाणा’ कधीपासून करतो आहे.

तिसरा शब्द ‘आल्यूर’. इंग्रजीत हाच शब्द ‘मोहकता’ या अर्थाने आहे, आणि इंग्रजीतून येणारा भाषांतरकार नेमका तिथे फसतो. फ्रेंचमध्ये आल्यूर म्हणजे चालण्याची रीत. घोड्याचे चालणे, दुडकणे, चौखूर धावणे या त्याच्या आल्यूर. सुरात टिकून असलेली हलकी थरथर किंवा झुलणे यांना शेफेर यांनी हे नाव दिले. त्यांनी त्यावरून कर्ता ओळखायला शिकवले. थरथर अगदी एकसारखी असेल तर यंत्र, थोडी कमीजास्त होणारी पण जिवंत असेल तर माणूस किंवा प्राणी, आणि नेम नसलेली असेल तर निसर्ग.

मराठीत अर्थाने सर्वांत जवळ ‘चाल’. घोड्याची चाल आपण म्हणतो. पण गाण्याला चाल लावतात, आणि ती जागा इतकी पक्की आहे की तिथे दुसऱ्याला शिरकाव नाही. ‘डौल’ घ्यावा तर त्यात कौतुक येते, आणि बिघडलेल्या पंख्याच्या झुलण्यात कौतुक करण्यासारखे काही नसते. ‘आंदोलन’ हा आल्यूरचा एक प्रकार झाला, सगळे प्रकार नव्हेत. मग उरतो ‘ढब’. चालायची ढब, बोलायची ढब. दुरून येणारा माणूस चेहरा दिसण्याआधी आपण ढबीवरून ओळखतो. सुराची ढब ऐकून तो कोणी काढला हे ओळखावे, असेच शेफेर यांचे म्हणणे आहे.

पेटीतली बाकीची अवजारे

काही शब्द फारसे झगडायला लावत नाहीत. ‘एको’ म्हणजे पडसाद, सुटा ऐकू येणारा. भिंत साधारण १७ मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि कानाला पडसाद वेगळा काढता येतो. ‘रेव्हेर्बेरास्यों’ म्हणजे असंख्य पडसाद एकमेकांत मिसळून झालेला घुमारा. घुमट या शब्दातच तो ऐकू येतो. दोन्हींना प्रतिध्वनी म्हणू नये, एवढेच सांभाळावे.

गाळणीच्या नावांत ‘पास-ओ’ आणि ‘पास-बा’ अशी जोडी आहे, वरचे जाऊ देणारी आणि खालचे जाऊ देणारी. अडचण ‘वर’ या शब्दाची. फ्रेंचमध्ये ‘ओ’ म्हणजे उंच सूर आणि मोठा आवाज, दोन्ही. आपला ‘चढा आवाज’ही तसाच दोन्हीकडचा. ‘खर्ज’ आणि ‘टीप’ मात्र फक्त सुराची उंची सांगतात. खर्जपार गाळणी, टीपपार गाळणी असे म्हटले की आवाजाच्या मोठेपणाशी गल्लत होत नाही.

‘सात्युरास्यों’ला शाळेतला ‘संपृक्त’ शब्द चपखल बसतो. पाण्यात साखर विरघळायची थांबते तसे टेपवरचे चुंबकीय कण आणखी भार घ्यायचे थांबतात. ‘एक्रेताज’ म्हणजे लहरीचे तुरे कापणे. त्याला शेतकऱ्याचा ‘शेंडे खुडणे’ हा शब्द आहे. ‘फोंद्यू’ म्हणजे वितळलेले. आवाज फोंद्यू होतो तेव्हा तो ‘विरतो’, आणि एक विरत असताना दुसरा वर आला तर तो ‘विरता सांधा’.

‘ब्रासाज’वर मात्र क्षणभर थांबावे. ध्वनीचे तुकडे करून त्यांचा क्रम बदलत राहण्याची ही प्रक्रिया. ब्रासे म्हणजे ढवळणे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पत्ते पिसण्यालाही हेच क्रियापद वापरतात. मग ढवळणे की पिसणे? ऐकूनच ठरवावे लागते. तुकडे मोठे ठेवले तर प्रत्येक पत्ता सुटा ओळखू येतो, ते पिसणे. तुकडे अगदी लहान केले तर सगळे एकजीव होते, ते ढवळणे. एकाच बटणाला तुकड्याच्या लांबीप्रमाणे दोन क्रियापदे वापरली तर बिघडत नाही.

ऐकण्याची चार क्रियापदे

शेफेर यांच्या विचाराच्या मुळाशी चार क्रियापदे आहेत. उईर, एकुते, आंतांद्र, कोंप्रांद्र. कोश पहिल्या तिन्हींपुढे ‘ऐकणे’ लिहून मोकळा होतो. पण एका रात्रीचा प्रसंग घ्या. तुम्ही घरात वाचत बसला आहात आणि गल्लीत रिक्षाचे इंजिन धडधडते आहे. तो आवाज नुसता तुमच्या ‘कानावर पडतो’. हे उईर. मग तुम्ही पुस्तक बाजूला करता, कोण आले असेल याचा ‘कानोसा घेता’. हे एकुते, त्यात लक्ष आवाजाच्या मुळाकडे असते. नंतर त्या धडधडीतले ठोके विरळ होत चाललेले, त्यांचा रवा जाडसर झालेला तुम्ही ‘टिपता’. हे आंतांद्र, अनेक गुणांतून हवे तेवढे वेचणे. शेवटी दोनदा हॉर्न वाजतो आणि तुम्हाला ‘उमगते’ की खाली बोलावणे आले. हे कोंप्रांद्र.

कानावर पडणे, कानोसा घेणे, टिपणे, उमगणे. हे चारही शब्द मराठीत बोलता बोलता आपण वापरतो. त्यांच्यातल्या सीमाही शेफेर यांनी आखल्या तशाच आहेत. फक्त कोणी त्यांना एका ओळीत उभे केले नव्हते.

तिसऱ्या क्रियापदातून ‘एकूत रेद्युइत’ ही संकल्पना निघते. आवाजाचे मूळ आणि अर्थ दोन्ही बाजूला ठेवून फक्त आवाज ऐकणे. रेद्युइत म्हणजे कमी केलेले. पण मराठीत ‘कमी ऐकणे’ म्हणजे बहिरेपणाची सुरुवात. शेफेर यांनी हा शब्द जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्ल यांच्या विचारातून घेतला. त्यात कमतरता नाही, गाळून शुद्ध करणे आहे. म्हणून ‘निखळ ऐकणे’.

आणि ‘आकूस्मातिक’. पायथागोरस पडद्याआडून शिकवत, त्यांचे शिष्य फक्त आवाज ऐकत, अशी कथा आहे. त्यावरून ज्याचे मूळ दिसत नाही तो ध्वनी आकूस्मातिक. फ्रांस्वा बेल यांनी १९७४ मध्ये अशा संगीतासाठी अनेक ध्वनिवर्धकांचा एक वाद्यवृंदच उभा केला. मराठीत यासाठी ‘आकाशवाणी’ इतका नेमका शब्द नाही. कंसाने ऐकली ती वाणी अशीच होती, बोलणारा न दिसणारी. पण तो शब्द रेडिओने घेतला, आणि शेफेर स्वतः रेडिओचेच अभियंते होते हे लक्षात घेता योग्यच घेतला. आपण ‘पडद्याआडचा ध्वनी’ म्हणावे.

शब्द पोचला हे कसे ओळखायचे

स्टुडिओत काम करणारी मुले रिव्हर्ब, डिले, लूप म्हणतात आणि म्हणत राहतील. ते शब्द कामात मुरले आहेत, त्यांना उठवून लावायचे कारण नाही. मराठी शब्दाची गरज आहे ती जिथे नावच नाही तिथे. जे कानाला कळते पण सांगता येत नाही तिथे.

प्रत्येक नव्या शब्दाची परीक्षा एकच. तो आज्ञार्थी वाक्यात घालून पाहायचा. ध्वनिफलकापुढे दोघे बसले आहेत. मागचा म्हणतो, “याचा आघात जरा मऊ कर, आणि रवा बारीक ठेव.” पुढच्याचा हात न विचारता योग्य बटणाकडे गेला, तर तो शब्द मराठीत आला. हात थबकला, तर कोश मिटून ठेवायचा, घंटेचे ते मुद्रण पुन्हा लावायचे आणि सुळका कापून झाल्यावर जे उरते ते पुन्हा ऐकायचे.